मावळात छापायचं तर

कापडछपाईसाठी शेड बघायला निघाली आहेस, तर भाडं, वीज, रस्ता हे सगळं मागाहून बघ. आधी ढग बघ. लोणावळ्याला वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. पूर्वेला वडगाव-तळेगावात त्याच्या निम्माही पडत नाही. गिऱ्हाईक लोणावळ्यात येतं म्हणून तिथेच पत्रे ठोकून बसलीस, तर जून ते सप्टेंबर कापड वाळायचं नाही, बुरशी तेवढी धरेल. दुकान खुशाल लोणावळ्यात टाक, चिक्कीच्या शेजारी टाक. छापखाना मात्र कामशेतच्या पुण्याकडच्या अंगाला, कान्हे-टाकव्याच्या आसपास बघ. ऊन तिथे लवकर परत येतं, आणि आपला धंदा निम्मा उन्हाचा आहे.

दुसरं, पाणी. घाटमाथ्याचं पाणी मऊ. साबणाला फेस भरपूर, डाळ चटकन शिजते, आणि लाल रंग मात्र फिका उतरतो. मंजिष्ठा काय किंवा आल काय, या मुळांना नीट लाल व्हायला तुरटीच्या जोडीला थोडा चुना लागतो. कच्छ-राजस्थानातल्या विहिरींच्या पाण्यात तो मुळातच असतो, म्हणून तिथले कारागीर कृती सांगताना चुन्याचं नावही काढत नाहीत. तू ती कृती वहीत उतरवून आणशील, तंतोतंत करशील आणि विटकरी-गुलाबी कापड हातात घेऊन विचारात पडशील. मंजिष्ठाच्या पाण्यात चुन्याची निवळी घाल, पळीपळीनं. फार झाली की लाल जांभळटाकडे सरकतो, तेव्हा हात आवर. प्रत्येक वेळी आधी चिंधीवर बघून मग ठाण बुडव.

बोअरचं पाणी असेल तर पेलाभर घेऊन त्यात चिमूटभर हिरड्याची पूड टाक. पाणी करडं-काळं पडलं तर त्यात लोह आहे. ते पाणी पिकाला चालेल, आपल्याला चालणार नाही. लोह असलेल्या पाण्यात पिवळा मळतो, लाल काळवंडतो. ही भीती उगीच घालत नाही. कच्छात धमडक्याचे खत्री पिढ्यान् पिढ्या अजरख छापत आले. रासायनिक रंगांनी सगळं गिळल्यावर 1970च्या दशकात मोहंमद सिद्दीक खत्रींनी जुने वनस्पतींचे रंग परत हातात घेतले आणि मुलांनाही शिकवले. मग 26 जानेवारी 2001चा भूकंप झाला, पाणी बदललं, त्यातलं लोह वाढलं आणि रंग बिघडायला लागले. शेवटी पाण्यासाठी तिथल्या बऱ्याच खत्रींनी दुसरीकडे गाव वसवलं, अजरखपूर. हात तेच, ठसे तेच, तरी पाण्यापायी घरं हलवावी लागली. पाणी तपासण्याआधी शेडचा करारनामा करू नकोस म्हणते, ते यासाठी.

आता कापड. मांजरपाट घे, खादी घे, पण गिरणीची खळ अंगावर असलेलं कापड आधी रात्रभर भिजत घाल. मग धुण्याचा सोडा आणि रिठा घालून तासभर उकळ, चोळ, नितळ. जुने लोक शेळीच्या लेंड्या आणि एरंडेल वापरायचे. कापड पाणी पिण्यासारखं व्हावं एवढाच त्याचा अर्थ. वाळल्यावर त्यावर पाण्याचा थेंब सोड. थेंब मोत्यासारखा बसून राहिला तर परत उकळ. टेकताक्षणी आत शिरला तर पुढे जा. या पायरीवर नव्या पोरींना कंटाळा येतो, कारण दिवसभर राबून कापड पांढऱ्याचं पांढरंच दिसतं. पुढे रंग डागाळला की त्या ठशाला दोष देतात. दोष इथलाच असतो.

हिरड्याबद्दल मात्र मी भरपूर बोलणार आहे, कारण या कामात मावळाचं खरं धन ते आहे. छपाईसाठी मावळाचं नाव कधी ऐकलं नसशील. रंगारी पुण्याच्या पेठांत. भाऊसाहेब रंगाऱ्यांचा गणपती सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्या घराला रंगारी नाव शालूंना रंग द्यायच्या धंद्यावरून पडलं हे किती जणांना माहीत असतं? आपण भावसारसुद्धा हिंगलाजेचं नाव घेऊन रंगाची भांडी पुजणारे. पण या सगळ्यांच्या भांड्यात पहिलं पडायचं ते डोंगरातून उतरलेलं फळ. हिरड्याला परदेशातही मान होता. वेंगुर्ल्याच्या बंदरावरून जाणाऱ्या हिरड्याला विलायतेच्या चामड्याच्या बाजारात वेंगुर्ल्याचंच नाव होतं. त्यात जो तुरटपणा आहे ना, जिभेला ओढून धरतो तो, तोच सुताला तुरटी आणि लोह धरायला लावतो. लोकरीला आणि रेशमाला रंग सहज चिकटतो. सूत हट्टी असतं, त्याला मध्यस्थ लागतो.

रंगाला बाळहिरडा नको. कोवळी फळं ती, औषधवाल्यांना राहू दे. आपल्याला थंडीत पिकून पडलेली मोठी फळं हवीत. बी काढून टाक, साल वाळव, कुटून पूड कर. किलोभर कापडाला दोनशे ग्रॅम पूड धर. रात्री कोमट पाण्यात भिजव, सकाळी गाळ, मग कापड त्यात अर्धा-पाऊण तास खालीवर करत ठेव. पिळताना पीळ घालू नकोस, हातानं दाबून पाणी काढ. उन्हात पसर ते छापायची बाजू वर करून, कारण उन्हाकडच्या बाजूला हिरडा दाट बसतो. आणि हिरडा दिलेलं कापड धुवायचं नाही. पिवळट दिसतं म्हणून हौशीनं धुणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत.

हिरडा घेताना ठाकर, कातकरी, महादेव कोळी बाया पाटी घेऊन येतील. भाव पाडू नकोस. एक झाड एक वर्ष भरभरून देतं, पुढच्या वर्षी हात आखडतं. त्यात 3 जून 2020च्या निसर्ग वादळानं जुन्नर-आंबेगावच्या पट्ट्यात हिरड्याची किती हानी केली, ते तिकडच्या लोकांना विचार. चांगल्या वर्षी दोन वर्षांचा माल कोरडा करून गोणीत भरून ठेव.

हिरडा दिलेल्या कापडाचा एकच शत्रू आहे, लोखंड. गंजक्या पत्र्यावरून टपकलेला पावसाचा एक थेंब पडला तरी काळा ठिपका उठतो आणि जन्मभर जात नाही. म्हणून वाळवणाच्या जागेवर जुना पत्रा नको. दोरी काथ्याची, काठ्या बांबूच्या. खिळा, तार, लोखंडी बादली काही चालत नाही. तांबड्या मातीवर कापड टाकू नकोस, त्या मातीतही लोह आहे. गवतावर टाक किंवा धुतलेल्या गोणपाटावर.

हाच शत्रू मुठीत घेऊन काळा रंग करायचा. लोणावळ्यात घोडेवाल्यांकडे झिजलेले नाल मिळतात, गावात बैलांच्या जुन्या पत्र्या मिळतात. चांगले गंजलेले घे. मातीच्या मडक्यात ते, गूळ आणि पाणी घालून तोंडाला फडकं बांध. मडकं घरापासून लांब ठेव, वास येतो. उन्हाळ्यात पंधरवड्यात तयार होतं, थंडीत जास्त दिवस लागतात. वर फेस येतो, मग बसतो, पाणी काळपट-पिवळं होतं. ते गाळून चिंचोक्याच्या पिठाच्या शिजवलेल्या खळीत घालायचं आणि ठसा मारायचा. हिरड्याच्या कापडावर तो पडताक्षणी राखाडी दिसतो आणि बघता बघता काळा होतो. पहिल्यांदा बघणाऱ्याला जादू वाटते. बाजारात हिराकस मिळतं आणि तेही काळं करतं, पण त्यातल्या आम्लानं सूत कुजतं. जुन्या छिटांमध्ये काळ्या रेषा झिजून तिथे बारीक भोकं पडलेली दिसतात, ती लोहाचीच करणी. गुळाच्या मडक्यातलं लोह त्या मानानं सौम्य, तरी तेही गरजेपुरतंच. काळी रेघ बारीक ठेव, काळ्याची भरणी करू नकोस.

लाल जिथे हवा तिथे तुरटी छापायची. लिटरभर बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात शंभर-सव्वाशे ग्रॅम तुरटी घाल. चिमूट चिमूट सोडा घातलास की फेस येईल, तो बसू दे. तुरटी बिनरंगाची, ठसा कुठे पडला दिसत नाही, म्हणून त्यात जरासा गेरू. हा गेरू म्हणजेच लाल रंग असं समजून परतणारे पाहुणे तुला दर शनिवार-रविवारी भेटतील. त्यांना पुढची पायरी दाखव, कापड त्यानंतरच विकलं जातं.

आणि अंजनीकडे लक्ष दे. फेब्रुवारी-मार्चमध्ये खंडाळा-राजमाचीच्या वाटेवर फांद्यांना चिकटून निळीजांभळी फुलं येतात ना, तेच झाड. त्याच्या पानांत जमिनीतलं ॲल्युमिनियम साठतं, म्हणजे जे तुरटीत असतं तेच. दक्षिणेकडचे जुने रंगारी या जातीच्या झाडांची पानं मुळांच्या लाल रंगाबरोबर उकळायचे. खाली पडलेली पिवळी पानं वेच, फांदी तोडू नकोस. वाळवून, चुरून मंजिष्ठाच्या भांड्यात घाल आणि तुरटी कमी करत करत किती कमी चालते ते बघ. कच्छवाल्याकडे अंजनी नाही. तुझ्याकडे आहे. तिकडच्या चांदण्या आणि जाळ्या हुबेहूब छापण्यापेक्षा हे करून दाखवलंस तर ते काम मावळचं होईल.

छापल्यावर थांब. हे थांबणं कोणत्याच कृतीत पुरेसं ठासून सांगत नाहीत. तुरटी आणि लोह सुतात मुरायला दिवस लागतात. तीन दिवस तरी सुकी हवा हवी, आठवडा मिळाला तर उत्तम. ऑर्डर घाईची असेल तर ऑर्डर सोड. मग धुणं: वाहतं पाणी, कापड मोकळं, कुठेही घडी नाही. सुटलेली तुरटी शेजारच्या पांढऱ्यावर बसली की तिथेही लाल होणार. साठवलेल्या पाण्यात धुवायचं तर पाणी पुन्हा पुन्हा बदल. कंजुषी इथे महाग पडते.

त्यानंतर उकळ. भांडं तांब्याचं, आतून कल्हई केलेलं. लोखंडी कढईत लाल व्हायचा नाही. मंजिष्ठा रविवार पेठेतल्या काष्ठौषधीच्या दुकानातून आण. आपल्या घाटातही ती वेल आहे, पण मूळ खणलं की वेल गेली, म्हणून रानातली उपटून आणू नकोस आणि कोणी आणून दिली तर घेऊ नकोस. कापड गार पाण्यातच सोड आणि आच हळूहळू वाढव. घाई केली की तपकिरी छटा वर येते. भांड्यात मूठभर धायटीची फुलं टाक. ती होळीच्या सुमारास डोंगरउतारावर लालभडक दिसतात. ती घातली की रंग सारखा चढतो आणि पांढरं पांढरं राहायला मदत होते. बाहेर काढलेलं कापड पहिल्यांदा सगळंच गुलाबी-मळकट दिसेल. घाबरू नकोस. नदीकाठी किंवा गवतावर पसर, पाणी शिंपड, वाळव, परत शिंपड. दोन-चार दिवसांत जिथे तुरटी नव्हती तिथला रंग ऊन खाऊन टाकतं आणि ठशाचा लाल उजळतो.

आलाबद्दल दोन शब्द, कारण हल्ली त्याचं नाव फक्त म्हाताऱ्यांच्या तोंडी उरलंय. खानदेश-वऱ्हाडात आलाची शेती व्हायची. तीन वर्षांचं झाड झालं की खोल खणून मुळं काढायची. बारीक मुळांना भाव जास्त, जाड मुळांना कमी, कारण रंग सालीत असतो. त्या रंगाचा खारवा वाण्याच्या वहीला बांधलेला असायचा. 1869मध्ये जर्मनीत तसाच लाल कोळशाच्या डांबरापासून करता येऊ लागला आणि तीन वर्षं थांबून मुळं खणायला कोण बसणार? 1897मध्ये कारखान्यातली नीळ बाजारात आली आणि निळाऱ्यांचेही हौद सुकले. त्या लोकांना नावं ठेवणारे लेख मी वाचते तेव्हा हसू येतं. स्वस्त, झटपट, पक्का रंग दारात आला असता तर आपणही घेतला असता, घेतलाच. आल म्हणजेच बारतोंडी, तिचं झाड देशावर बांधाबांधाला आहे. शेतकऱ्याशी बोलून चार झाडं लाव. तुझ्या लेकीला उपयोगी पडतील.

निळीचा हौद मात्र पहिल्या वर्षी मांडू नकोस. नीळ पाण्यात विरघळत नाही. तिला आंबवून, चुन्याच्या कडक पाण्यात हिरवी-पिवळी करावी लागते, आणि कापड बाहेर काढल्यावर हवेत ती पुन्हा निळी होते. हौदाला ऊब लागते. मावळात पावसाळ्यात हौद गारठतो आणि मरतो. कधी मांडलासच तर टाकळ्याचं बी आठवणीत ठेव. पावसाळ्यात बांधावर भाजीला खुडतेस तो टाकळा, त्याचं पौष-माघात वाळलेलं बी दक्षिणेतले निळारी शिजवून हौदाला विरजण म्हणून घालायचे. हौद आंबवायला गूळ विकत, टाकळा फुकट.

पावसाळ्यात छपाई बंद. ते चार महिने ठसे दुरुस्त कर. सागवानी ठसा पाणी पिऊन फुगतो, म्हणून धुऊन, पुसून, तिळाच्या तेलात बुडवून सावलीत ठेव. नवे ठसे गुजरातेत गांधीनगरजवळच्या पेथापूरला अजूनही हातानं कोरून मिळतात. छपाईच्या टेबलावर गादी घालतात, तिथे धनगराची घोंगडी दुहेरी अंथर. तिच्यासारखा दाब फोमला येत नाही. आणि वर्ध्याला जाऊन ये. मगन संग्रहालय गांधीजींच्या हस्ते 30 डिसेंबर 1938 रोजी सुरू झालं. खादी वनस्पतींच्या रंगात रंगवण्याचं काम तिथे आजही चालतं. राजस्थानातल्या दहा दुकानांपेक्षा तिथल्या एका दिवसात जास्त शिकशील, कारण बोलणंही मराठीत होईल.

विकताना खोटं बोलू नकोस. नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी असं कोणी म्हटलं तर मान डोलावू नकोस. रंग झाडाचा असला तरी तो पक्का करायला क्रोम किंवा कथिलाचे क्षार वापरणारे आहेत, रंग झळझळीत येतो आणि सांडपाणी विषारी होतं. तुझ्याकडे तुरटी आणि लोह, बस्स. तेही पाणी भातखाचरात सोडू नकोस, एका खड्ड्यात चुना टाकून निवळू दे, गाळ वेगळा काढ. शेजाऱ्याच्या इंद्रायणीच्या भाताला धक्का लागला तर त्या गावात तुझी शेड टिकायची नाही. हळद, बीट, प्राजक्ताचे देठ यांचे रंग सुंदर दिसतात आणि उन्हात उडतात. शाळेच्या मुलांना शिकवायला ठीक, विकायला नकोत. गिऱ्हाइकाला सांग: रिठ्यानं धू, उलटं करून सावलीत वाळव, आणि काळ्या रेघांवर लिंबू सांडू देऊ नकोस. लिंबू काळा पुसून टाकतं. हे चिठ्ठीवर मराठीत आणि हिंदीतही छापून कापडाला बांध.

पेथापूरची ऑर्डर अजून देऊ नकोस. आधी हिरडा, काळा, लाल, अंजनीचा लाल अशा पट्ट्या रंगव, प्रत्येकीचा अर्धा भाग पुठ्ठ्यानं झाक आणि दक्षिणेच्या खिडकीला टांग. पट्टीवर तारीख, पाणी कुठलं, चुना किती, सगळं पेन्सिलीनं लिही, कारण शाई उडते. पावसाळा संपला की पुठ्ठे काढ आणि पट्ट्या घेऊन माझ्याकडे ये. मग ठरवू कुठला ठसा कोरायचा ते.